मामाचा आकाशातला दगड

रविवारी सकाळी आमच्या बोईसरच्या घराची बेल वाजली की नवरा स्वयंपाकघरातूनच विचारतो, "दूधवाला की दगडवाला?" बहुतेक वेळा दगडवालाच असतो. दारात कुणीतरी अनोळखी माणूस, हातात वजनानं खाली ताणलेली प्लॅस्टिकची पिशवी, आणि चेहऱ्यावर असा भाव की आतली वस्तू बघून मी ताडकन उभी राहणार. मी उभी राहत नाही. पिशवी नुसती हातात घेतली तरी आत काय असेल ते मला साधारण कळतं. ते सांगितल्यावर समोरच्याचं तोंड कसं उतरतं, तेही आता पाठ झालं आहे.

मी इथल्या एका पोलाद कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. काही वर्षांपूर्वी एका शाळेनं विज्ञान प्रदर्शनाला बोलायला बोलावलं. पोलादाबद्दल बोलायला लागले तर पुढच्या रांगेतली मुलं जांभया द्यायला लागली, म्हणून विषय बदलून आकाशातून पडणाऱ्या लोखंडावर आले. सगळी मुलं एकदम ताठ बसली. तो दिवस आणि आजचा दिवस, माझा नंबर या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतो आहे आणि लोक मला "उल्कावाल्या मॅडम" म्हणतात. खरं तर उल्का म्हणजे आकाशात दिसते ती उजेडाची रेघ. जळून उरलेला जो तुकडा जमिनीवर पोचतो त्याला अशनी म्हणतात. पण "अशनीवाल्या मॅडम" कोण म्हणणार? मीही नाद सोडला.

आमच्या भागाची एक गंमत आहे. भट्टीत लोखंड वितळलं की त्याच्यावर मळी येते, डाळ उकळताना वर फेस येतो तशी. ती बाजूला ओततात आणि थिजली की तिचा काळा, जड दगड होतो. आम्ही त्याला स्लॅग म्हणतो. वर्षानुवर्षं हा स्लॅग भरावाला वापरला गेला. रस्त्याच्या कडेला, खड्ड्यांत, कुंपणाच्या पायात, वाडीच्या बांधावर, सगळीकडे तो आहे. त्यात लोखंडाचे थेंब अडकलेले असतात, म्हणून चुंबक लगेच चिकटतं. आता मोबाइलवर काय सांगतात? काळा असेल, जड असेल, चुंबक चिकटत असेल तर तो आकाशातून आलेला दगड. झालं! त्या हिशेबानं आमच्या तालुक्यात उल्कांचा सडा पडलेला आहे. दुसऱ्या कुठल्या गावच्या माणसानं ही चूक इतक्या खात्रीनं केली नसती.

म्हणून मी चुंबक सगळ्यात शेवटी काढते. आधी भोकं शोधते. स्लॅगमध्ये वायूचे बुडबुडे अडकून राहतात, त्यामुळे त्याला जाळीदार घावनासारखी भोकं असतात. आपल्या इथल्या काळ्या पत्थरालाही असतात, कधी त्यांत पांढरे खडे भरलेले असतात. आकाशातल्या दगडाला अशी भोकं जवळजवळ कधीच नसतात. एवढं एक कळलं तरी रविवारची निम्मी गर्दी दारातूनच परत जाते.

उरलेल्यांसाठी दाराशी एक जुनी टाइल ठेवली आहे. तिच्या खरबरीत मागच्या बाजूवर दगड घासायचा. लाल-तपकिरी रेघ उमटली तर ते आपलं जमिनीतलं गंजासारखं लोहखनिज, काळी ठळक उमटली तरी जमिनीतलंच. अशनीनं बहुधा रेघच उठत नाही, उठली तरी फिकी राखाडी. किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या एका कोळी दादांच्या जाळ्यात एकदा असा काही दगड आला की मीही तो उचलून उजेडात नेला. जड, काळा, एका बाजूनं गुळगुळीत. टाइलवर घासला, फोडून बघितला, तर जुन्या कोळशावरच्या बोटीच्या भट्टीतली राख-मळी निघाली. दादा हसून म्हणाले, "जाऊं दे मॅडम, पापलेट तरी चांगली गावली," आणि त्यातली दोन मला देऊन गेले. कारखान्यातला एक हेल्पर तर चक्क गोल गरगरीत लोखंडी गोळा घेऊन आला. "मॅडम, ये तो पक्का आसमान का है ना? इतना गोल कौन बनायेगा?" तो खनिज दळायच्या गिरणीतला गोळा होता. इतकं गोल फक्त माणूसच बनवतो, आकाशाला तेवढा वेळ नसतो, असं मी त्याला सांगितलं.

मला हे सगळं आवडतं. लोक चिडत नाहीत, चहा पितात, दुसऱ्या कुणाला तरी घेऊन पुन्हा येतात. पण इतके दगड हाताळूनही एका दगडाला मी कधी हात लावला नव्हता, आणि तो माझ्या सख्ख्या मामाच्या घरी होता.

मामाची वाडी तारापूरच्या किनाऱ्याला लागून. चिकू, नारळ, थोडी पानवेल, मागे विहीर. मामा ऐंशीचा झाला तरी सकाळी वाडीत फेरी मारल्याशिवाय चहा घेत नाही. त्याची ख्याती मात्र चिकूंमुळे नाही, थापांमुळे. त्याला एकदा वाटेत बिबट्या दिसला होता. पुढच्या वर्षी त्या बिबट्याबरोबर दोन पिल्लं आली, आणि माझ्या लग्नापर्यंत तो बिबट्या मामाशेजारी बांधावर बसून विश्रांती घेऊन गेला होता. आम्ही भाचवंडं उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्याकडे जायचो ते आंब्यांपेक्षा या गोष्टींसाठी.

त्यातलीच एक गोष्ट दगडाची. आणि ती अशी: "तिन्हीसांजंला मी विहिरीवं भांडी घासीत व्हतो. हातात राख नि काथ्या. आभाळात जाळ दिसला, मागून गडगडला, नि समोरच्या केळीच्या बुंध्याशी धप्पकन पडला. उचलला तं थंडगार." बस. एवढीच.

या गोष्टीला घरात सगळ्यात जास्त हसायचे. बिबट्यापेक्षाही. एक तर मामा आणि भांडी! आजीच्या, म्हणजे मामाच्या आईच्या, राज्यात घरातल्या पुरुषानं पाण्याचा तांब्या उचलून ठेवला तरी चर्चा व्हायची. हा गडी विहिरीवर राख घेऊन भांडी घासत होता म्हणे. आणि वर आभाळातून जाळ होऊन आलेला दगड थंडगार! थाप मारायची तर नीट मारावी, दगड लालबुंद असावा, हात पोळावा, केळ जळून जावी. मामाच्या मोठ्या भावापासून नातवंडांपर्यंत सगळ्यांनी त्याला यावरून पिडलं. लग्नात, बारशात, कुठेही चार माणसं जमली की कुणीतरी म्हणायचंच, "मामा, भांडी घासून झाली का?" मामा सगळ्यांच्या बरोबर हसायचा.

मला एक गोष्ट मात्र लहानपणापासून जाणवायची. मामाच्या बाकीच्या सगळ्या गोष्टी दरवर्षी वाढत. ही कधीच वाढली नाही. एक शब्द इकडचा तिकडे नाही. सांगून झाली की तो लगेच विषय बदलायचा.

दगड विहिरीशेजारी तुळशीच्या कट्ट्यावर असायचा. सोललेल्या नारळाएवढा, काळा, तेलकट. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कोयते, कुदळी, पंपाचे पाने, सगळी अवजारं धुऊन पुसून त्यांना खोबरेल लावायची पद्धत आहे, कारण आमच्या खाऱ्या हवेत लोखंड रात्रीतून गंजतं. मामी त्या अवजारांबरोबर हा दगडही धुवायची, चुलीशी ठेवून वाळवायची, हातानं तेल चोळायची आणि हळदकुंकू लावून झेंडूचं फूल ठेवायची. कुणी हसलं तरी तिचा हात थांबायचा नाही. मामी मुळात कमी बोलणारी. दगडाची गोष्ट निघाली की ती दारात येऊन उभी राहायची आणि संपली की आत जायची.

आणि मी दगडाला हात का लावत नव्हते ते सांगते. माझी पक्की खात्री होती की तो स्लॅग आहे. वाडीबाहेरच्या रस्त्यावर कारखान्याचा भराव पडलाच होता. उचलला असता तर मला तिथल्या तिथे कळलं असतं, आणि मग मामानं विचारलं असतं तर काय सांगणार होते? हसण्यावारी नेलेली थाप वेगळी आणि भाचीनं प्रयोगशाळेत तपासून खोटी ठरवलेली थाप वेगळी. माझा मामावर फार जीव आहे. त्यामुळे मी गावभरचे दगड तपासत होते आणि तुळशीकडे पाठ करून बसत होते.

मागच्या वर्षी मामाचं सहस्रचंद्रदर्शन झालं. हजार पौर्णिमा पाहिलेला माणूस म्हणून त्याला दिव्यांनी ओवाळलं. सगळं गोत जमलं होतं. जेवणं झाल्यावर मुलानातवंडांनी मिळून नाटुकलं केलं. मामाचा धाकटा मुलगा धोतर नेसून मामा झाला, हातात पातेलं आणि काथ्या. वरून कुणीतरी काळा फुगा सोडला. "थंडगार!" असं सगळे एका सुरात ओरडले आणि मांडव हसण्यानं हलला. मामाच्या डोळ्यांतून हसून पाणी आलं. मामी मात्र उठून आत गेली. तिला तसं उठताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

मी रात्री तिथेच राहिले होते. सकाळी निघायच्या तयारीत होते, तेवढ्यात मामी आली. तिच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात काहीतरी बांधलेलं होतं. माझ्या हातात गाठोडं देत म्हणाली, "ह्ये घेऊन जा. तपास. काय ते एकदाचं कळूं दे."

ओटीवरून मामा ओरडला, "काय गरज नाय. जितं हाय तितं रावंदे."

"मी तिला देतेय."

"तपासून काय मिळंल?"

"मला कळंल," मामी म्हणाली.

पन्नासेक वर्षांच्या संसारात या दोघांना मी असं भांडताना कधी ऐकलं नव्हतं. मामा उठून माझ्यापाशी आला आणि मामीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "बाय, नको नेऊ. कारखान्याचा निगाला तं?" म्हातारपणी याची थाप उघडी पडणार म्हणून हा घाबरलाय, असं मला वाटलं. पण मामी दारात उभी होती आणि हलत नव्हती. मी गाठोडं स्कूटरच्या डिकीत ठेवलं आणि निघाले.

खरं सांगायचं तर गाठोडं हातात घेतलं तेव्हाच मला शंका आली होती. ते उगाचच जड होतं. स्लॅगचं वजन माझ्या मनगटाला पाठ आहे. हे तसं नव्हतं.

घरी आल्यावर मी ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर सोडलं. कोमट पाणी आणि साबणाचा हात फिरवून तेलाचा थर काढला, लगेच कोरडं पुसलं. नवरा शेजारी येऊन उभा राहिला. भोकं शोधली. एकही नाही. एका बाजूला खळगे होते, कणकेच्या गोळ्यावर अंगठे दाबावेत तसे. आकाशातून येताना दगडाची बाहेरची बाजू वितळते आणि हवा ती ओरबाडून नेते, त्याच्या या खुणा. वरची काळी साल अगदी पातळ, अंड्याच्या कवचाएवढी. एका कोपऱ्यावरचा टवका फार पूर्वी उडाला होता आणि तिथे आत राखाडी रंग दिसत होता, त्यात गंजाचे बारीक ठिपके. स्लॅग आतून बाहेरून काळाच असतो. आपला काळा पत्थरही फोडला तरी आत काळाच.

चुंबक मी घासत नाही. लहानसं चुंबक दोऱ्याला बांधून दगडाजवळ नेते, कारण जोरदार चुंबक लावलं तर आत जपलेली अब्जावधी वर्षांपूर्वीची चुंबकाची खूण पुसली जाते. दोरा हलकेच तिरका झाला. टाइलवर रेघ उठली नाही. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. "काय गं?" मी म्हटलं, "अजून काही बोलू नकोस." इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला एखादा दगड खरा निघावा असं मनापासून वाटत होतं, आणि अशा वेळी माणूस नको ते बघतो, म्हणून मी स्वतःवरच विश्वास ठेवत नव्हते.

पुढचं काम कारखान्याच्या प्रयोगशाळेत, डबा खायच्या सुट्टीत केलं. टवका उडालेल्या कोपऱ्यावरच पॉलिशपेपरनं नखाएवढी जागा घासून सपाट केली. नव्या जागी ओरखडा काढायची माझी हिंमत झाली नाही. भिंगाखाली धरलं. राखाडी दगडात ताज्या धातूचे चमकते कण, आणि त्यांच्यामध्ये मोहरीएवढे गोल गोल दाणे. तो कसला दगड असतो ते मी शेकडो लोकांना सांगितलं होतं, पुस्तकातली चित्रं दाखवली होती, पण स्वतःच्या डोळ्यांनी ते दाणे कधी बघितले नव्हते. सूर्य नुकताच पेटत होता तेव्हा धुळीचे थेंब वितळून थिजले, तेच हे दाणे. आपली पृथ्वी व्हायच्या आधीचे. पृथ्वीवरच्या कुठल्याही दगडात ते नसतात.

मग निकेल. आमच्याकडे स्टेनलेसच्या भंगारातून माल वेगळा काढायला हे रोजच करतो. चमकत्या कणांवर आधी विरळ ॲसिडचा एक थेंब, मग अमोनियाचं पाणी आणि निकेल ओळखायचं द्रावण लावलेला कापसाचा बोळा दाबायचा. धातूत निकेल असेल तर बोळा गुलाबी होतो. आकाशातल्या लोखंडात निकेल असतंच. अमोनियाच्या वासानं डोळे चुरचुरत होते, म्हणून आधी मला नीट दिसलं नाही. डोळे पुसले. बोळा गुलाबी झाला होता. मी टेबलाशी बसले आणि रडले. कुणी विचारलं तर अमोनिया म्हणून सांगितलं.

तरी मी मामाकडे लगेच गेले नाही. नुसत्या निकेलवर मी कुणालाही हो म्हणत नाही, मग घरच्यांनाच कशी म्हणू? पुण्याला माझी कॉलेजातली मैत्रीण भूशास्त्र शिकवते. दगड मांडीवर घेऊन तिच्याकडे गेले. तिनं तो सूक्ष्मदर्शकाखाली फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाली, "हा समुद्राकाठी एवढी वर्षं राहिला आणि भुगा कसा झाला नाही?" मी खोबरेलाचं सांगितलं. ती हसायला लागली. "तुझ्या मामीला माझा नमस्कार सांग. तिनं वाचवलाय हा."

मी तिला मामाची गोष्ट सांगितली आणि थंडगारवर आम्ही सगळे किती हसतो तेही सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "लालबुंद म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला नसता. बाहेरची साल वितळते ती काही क्षणांपुरती, आतला दगड आकाशातल्या गारठ्यातला असतो. शेवटचा पल्ला तो विझूनच पडतो. उचलला तर गार किंवा जेमतेम कोमट लागतो. हे बघितल्याशिवाय कुणाला सुचत नाही." मग तिनं सांगितलं की असा दगड सरकारच्या भूशास्त्र खात्याला कळवावा लागतो, आणि त्यांना पडताना बघणाऱ्याचं म्हणणं हवं असतं. "मामांना विचार, तो कुठल्या दिशेनं आला? कुठून कुठे गेला?" मी विचारात पडले. मामाच्या गोष्टीत दिशा कधी नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी वाडीवर गेले. मामा ओटीवर सुपारी कातरत होता. मामी तांदूळ निवडत होती. मी गाठोडं मध्ये ठेवलं आणि म्हटलं, "मामा, खरा आहे. आकाशातलाच आहे. एकदम पक्का."

मला वाटलं होतं तो उडी मारेल, शेजाऱ्यांना हाका मारेल, बिबट्याही खरा होता म्हणेल. त्याचा अडकित्ता थांबला. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. तो मामीकडे बघत होता. मामीचा हात सुपातच राहिला होता.

मी आपली माझ्याच नादात. मैत्रिणीनं काय सांगितलं, थंडगार कसं बरोबर आहे, सगळं घडाघडा बोलून टाकलं आणि विचारलं, "मामा, आता सांग, तो कुठल्या बाजूनं आला?"

"तिला विचार," मामा म्हणाला.

"अरे, तू बघितलास ना?"

"मी वाडीच्या त्या टोकाला पाणी लावीत व्हतो. नुसता गडगडाट आयकला." मग तो मामीला म्हणाला, "सांग गो आता. खरं व्हतं तुजं."

मामीनं सूप बाजूला ठेवलं. पदरानं तोंड पुसलं, डोळे पुसले. आणि मग ती उठली, मला हाताला धरून विहिरीवर घेऊन गेली आणि जिथे ती बसली होती तिथे मला बसवलं. "दांडीच्या अंगानं आला, समिंदरावरनं," ती म्हणाली आणि हात लांब करून नारळांच्या शेंड्यांवरून डोंगराकडे नेला. "हिरवा उजेड. एवडा, का नारळांच्या सावल्या जमिनीवं फिरल्या. माजी सावली या बाजूची त्या बाजूला गेली. मी घासतेय ते पातेलं चमाकलं. मग इजला. मला वाटलं झाला. तं मागून गडगडला नि केळीशी पडला. मी राखंच्या हातानंच उचलला. थंड, विहिरीच्या पाण्यावाणी." मामीला मी सलग इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ती सांगत होती आणि मला ते पातेलं चमकताना दिसत होतं.

लग्न होऊन तिला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तिन्हीसांजेला विहिरीवर एकटी बसलेली नवी सून, आणि ती म्हणते आभाळातून आग आली. मामाच्या आईनं काय केलं असतं ते आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. सुनेला काहीतरी लागलं म्हणून भगताला बोलावलं असतं, धुरी दिली असती, माहेरी निरोप धाडला असता. मामी धावत मामाकडे गेली होती. मामानं दगड तिच्या हातातून घेतला, घरात गेला आणि सांगितलं, मी बघितला.

"मला समदे थापाड्या म्हनतच व्हते," मागून येऊन उभा राहिलेला मामा म्हणाला. "मला हसले तं हसूं दे. तिला कोन येडी म्हनाया नको. पन घाईत भांड्यांचं तसंच तोंडातून गेलं, तिनं जसं सांगितलं तसं."

"मग नंतर तरी सांगायचंत," मी म्हटलं. "आजी जाऊनही किती वर्षं झाली."

"मी सांगाया लागले तं ह्ये खोटे ठरले असते," मामी म्हणाली. "माज्यासाटी हसं करून घेतलं, नि मीच खोटं पाडू?"

मामा घाबरला होता तो स्वतःसाठी नाही. दगड कारखान्याचा निघाला असता तर मामीनं जन्मभर जपलेला तो हिरवा उजेड भास ठरला असता. आणि तिला तो दगड तपासून हवा होता तो मामावरचं हसणं थांबावं म्हणून, आणि स्वतःसाठीही. एकमेकांना जपता जपता या दोघांनी पन्नास वर्षं काढली आणि आम्ही काळे फुगे सोडत बसलो. मला दोघांचा इतका अभिमान वाटला की मी मामाला मिठीच मारली. तो म्हणाला, "सोड, सुपारी सांडंल."

भूशास्त्र खात्याला मी कळवलं. दगड न्यायला माणसं येणार आहेत. मामीला वाईट वाटेल म्हणून मी भीत भीत सांगितलं, तर ती म्हणाली, "नेऊं देत. एवडंच सांग, तेल लावीत जा म्हनावं."

मामीनं मला विहिरीवर सांगितलं त्याच दिवशी संध्याकाळी मामाची दोन्ही मुलं, सुना, नातवंडं सगळी जमली. मी फोन करून बोलावलं होतं. ओटीवर मधोमध मामी बसली आणि तिनं सगळं पहिल्यापासून सांगितलं. दांडीच्या बाजूनं आला तिथपासून. कुणी हसलं नाही. ज्यानं धोतर नेसून नाटुकलं केलं होतं तो धाकटा मुलगा खाली मान घालून बसला होता. मग त्यानं वडिलांकडे बघून हळूच विचारलं, "म्हणजे बाबा, तुमी भांडी कधी घासलीच नाय?"

मामानं जरा विचार केला. "नाय," तो म्हणाला. "पन्नास वर्सं त्याच्यावरनं हसलात नि मी एक वाटी घासली नाय." मग गुडघ्यावर हात टेकून उठला, सगळ्यांचे चहाचे कप एका ताटात गोळा केले आणि विहिरीकडे निघाला. सुना धावल्या, त्यानं त्यांना हातानंच मागे सारलं. थोड्या वेळानं विहिरीवरून खडखडाट ऐकू यायला लागला. मामी बोलता बोलता थांबली, कान देऊन ऐकलं आणि बसल्या जागेवरून ओरडली, "काथ्यानं नका घासू, चरे पडतील!" आणि पुन्हा नातीकडे वळून तो उजेड किती हिरवा होता ते सांगायला लागली.